सौर पॅनेलचे दोन आकडे आणि एक वळण

सौर पॅनेलच्या पाठीमागच्या लेबलवर दोन ठळक आकडे असतात. ७२ घटांच्या ३२५ वॅट पॅनेलवर ते साधारण असे दिसतात: तारा मोकळ्या असताना ४५.५ व्होल्ट, तारा शॉर्ट केल्यावर ९.२ अँपिअर. गुणाकार केला तर ४१९ वॅट भरतात. मग पॅनेल ३२५चे कसे? कारण हे दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत.

पॅनेलला कमीजास्त करता येणारा रोध जोडून आडव्या अक्षावर व्होल्टेज आणि उभ्या अक्षावर करंट मांडला, की त्याचा आलेख मिळतो. रोध शून्य असताना करंट पुरता, व्होल्टेज शून्य. रोध वाढवत नेला तर व्होल्टेज चढते, पण करंट बराच वेळ जवळजवळ जागचा हलत नाही. शेवटी वळण घेऊन तो कड्यावरून कोसळावा तसा शून्यावर येतो. सर्वाधिक वॅट या वळणावरच मिळतात: येथे ३७.४ व्होल्टला ८.७ अँपिअर.

या आकाराचे मूळ घटात आहे. सिलिकॉनचा घट म्हणजे मुळात डायोडच. प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन डायोडच्या दोन थरांच्या जोडाजवळचे विद्युतक्षेत्र एका बाजूला ओढते. त्यातून निघणारा करंट प्रकाशावर ठरतो, व्होल्टेजवर फारसा नाही. पण व्होल्टेज वाढले की तोच डायोड आतल्या आत उलट वाहू लागतो, आणि हे वाहणे दर ६० मिलिव्होल्टला सुमारे दहापट होते. घटामागे ०.६ व्होल्टच्या आसपास सगळा करंट आतच जिरतो, बाहेर काहीच उरत नाही.

ऊन निम्मे झाले तर करंट निम्मा होतो, व्होल्टेज मात्र थोडेसेच उतरते. उष्णतेचा परिणाम वेगळा. प्रत्येक अंशामागे घटाचे व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने घटते. लेबलवरचे वॅट २५ अंशांना मोजलेले असतात. विदर्भातल्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर गेले, तर अंशाला ०.४ टक्के या हिशेबाने १६ टक्के वॅट जातात. भर उन्हाळ्यात वीज सर्वाधिक मिळणार हा समज इथेच फसतो.

जाणकाराला आलेखावरून दोषही कळतो. शेवटचा उतार सैल पडला तर सोल्डर किंवा जोडणीतला रोध वाढलेला. सुरुवातीचा सपाट भागच कलला तर घटात गळती. मध्येच पायरी दिसली तर बहुधा सावली. एका घटावर वाळके पान चिकटले तरी तो ज्या २४ घटांच्या ओळीत जोडलेला आहे तिचा करंट अडतो, करंटला पर्यायी वाट देणारा बायपास डायोड ती ओळ वगळतो आणि तिचे व्होल्टेज जाते.

पॅनेल त्या वळणावर ठेवण्याचे काम इन्व्हर्टरचे. तो व्होल्टेज सतत किंचित पुढेमागे सरकवून वॅट वाढले की घटले ते पाहतो आणि वळण गाठतो. सावलीत मात्र वॅटच्या आलेखाला दोन शिखरे येतात, आणि साधा इन्व्हर्टर कधीकधी ठेंगण्या शिखरावरच अडकून बसतो.