उजाडेपर्यंत थांबू नका!

"अहो, पित्त असेल. सोडा घ्या नि पडा जरा. सकाळी बघू डॉक्टरांकडे."

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणींच्या तोंडून गेले असेल! आमच्या शेजारच्या वहिनींच्याही गेले. सातपूरच्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून भाऊजी रात्री बारा वाजता घरी आले, ते छातीवर हात धरूनच. अंगाला दरदरून घाम. सोडा झाला, शेक झाला. अडीच वाजता कळ डाव्या हातात उतरली, तेव्हा वहिनींनी आमचे दार वाजवले.

मग रिक्षाची शोधाशोध. एका लहान दवाखान्यात नेले, तर मोठे डॉक्टर नाहीत. आधी अनामत भरा, मग म्हणे दुसरीकडे न्या! खरे उपचार सुरू झाले तेव्हा साडेचार वाजले होते. जीव वाचला, देवाची कृपा! पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. पाळीचे काम सुटले. वहिनी आता पोळ्यांचे डबे करतात आणि कणीक मळता मळता मध्येच थांबून म्हणतात, "तेव्हाच उठले असते तर?"

एकट्या वहिनींना का दोष द्यायचा? बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९४ साली उशिराचे तीन टप्पे सांगितले: निर्णयाला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचाराला उशीर. ते प्रत्येक आजाराला लागू आहेत.

पहिला उशीर घरातला. छातीवर दडपण, घाम, धाप हे पित्त समजून अंगावर काढू नये. आणि बायकांनो, आपल्याला तर कधी कधी छातीऐवजी पाठ, जबडा दुखतो, मळमळते. आपण त्याला 'दगदग' म्हणून मोकळ्या होतो! तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर आधी घड्याळ बघा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्रास कधी सुरू झाला, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.

दुसरा उशीर वाटेतला. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तीही फुकट. पत्ता सांगताना जवळचे देऊळ, शाळा, चौक अशी खूण सांगा. एकाला कोपऱ्यावर उभे करा, दारातला दिवा लावा. जिल्हा रुग्णालय आपल्या त्र्यंबक रस्त्यावरच आहे, पण पाळी सुटायच्या वेळी तो रस्ता कसा तुंबतो, हे का सांगायला हवे? म्हणून घराजवळ रात्री डॉक्टर कुठे हजर असतो, ईसीजी कुठे निघतो, याची चौकशी दिवसाच करून ठेवा.

तिसरा उशीर इस्पितळाच्या दारातला. एका स्कूटरवाल्याला मोटारीने उडवले. इस्पितळाने त्याला वीस किलोमीटर दूरच्या दुसऱ्या इस्पितळात पाठवले आणि तो वाटेतच गेला. त्या प्रकरणावरून सुप्रीम कोर्टाने १९८९ साली बजावले, की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, आधी जीव वाचवायचा. पोलिसांचे सोपस्कार नंतर. अपघातात मदत करणाऱ्यालाही २०१९ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. तेव्हा "नसती झेंगटे नकोत" म्हणून पाठ फिरवू नका. दारात कोणी अडवले, तर शांतपणे पण ठामपणे सांगा, "आधी पेशंटला तपासा. पैशांचे आम्ही बघतो."

आज रात्री भांडी आवरली की एवढेच करा. एका कागदावर १०८, जवळच्या इस्पितळाचा नंबर, घरातल्यांची रोजची औषधे आणि रात्री उठवता येईल अशा एका शेजाऱ्याचे नाव लिहा. कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा. विम्याचे, आधारचे कार्ड आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून ती खुंटीला लावा.

आमच्या दारामागे तो कागद आहे. वहिनींनीच तो लिहून दिला.