राष्ट्रीय कला पुरस्कार म्हणजे काय? आणि तो आपल्या मुलांपासून किती दूर आहे?

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस होते. नववीतल्या एका मुलीचा फॉर्म आला नाही म्हणून आम्ही तिच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. मुलीला एलिमेंटरीत 'ए' श्रेणी होती. वहीच्या मागच्या पानांवर तिने काढलेल्या वेलबुट्ट्या पाहून आम्ही शिक्षकसुद्धा थक्क व्हायचो. वडील आले, खुर्चीच्या कडेला बसले. स्वतः साइनबोर्ड पेंटर. उर्दू, मराठी, इंग्रजी, तिन्ही लिप्यांत हात बसलेला. फ्लेक्स आला आणि धंदा बसला. आता ते इमारतींना रंग मारायच्या कामावर जातात.

म्हणाले, "सर, हातात हुनर होतं, तरी घर भाड्याचंच राहिलं. मुलीला पुन्हा रंगात कशाला घालू?"

आम्ही म्हणालो, "भाईजान, देशात चित्रकारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, माहीत आहे ना?" त्यांनी मान हलवली. माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आपल्या मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांत माहीत नाही. क्रिकेटचे पुरस्कार पाठ असतात, सिनेमाचे पाठ असतात, चित्रकलेचा मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

संस्था कोणती, सुरू कुणी केली?

चित्र, शिल्प, छापचित्र अशा दृश्यकलांसाठी केंद्र सरकारची एक संस्था आहे, ललित कला अकादमी. मुख्य कार्यालय दिल्लीच्या रवींद्र भवनात. साहित्य अकादमी आणि संगीत नाटक अकादमीही त्याच वास्तूत. ५ ऑगस्ट १९५४ रोजी ललित कला अकादमीचं उद्घाटन झालं, ते देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते. मौलानांची जयंती, ११ नोव्हेंबर, आपण राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून शाळेत साजरी करतो. मुलं भाषणं करतात, पण त्या भाषणांत या अकादमीचं नाव क्वचितच येतं. कुरआनचे भाष्यकार असलेल्या आलिमाला स्वतंत्र भारताच्या शिक्षणात कलेची जागा असावी असं वाटलं, ही गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी.

पुरस्कार कसा दिला जातो?

अकादमी राष्ट्रीय कला प्रदर्शन भरवते. पहिलं भरलं १९५५ मध्ये. या प्रदर्शनात निवडल्या गेलेल्या कलाकृतींपैकी सर्वोत्तम ठरलेल्यांना राष्ट्रीय अकादमी पुरस्कार मिळतो. म्हणजे हा पुरस्कार आयुष्यभराच्या कामाला नसून त्या प्रदर्शनात आलेल्या कामाला असतो. म्हणूनच तो तरुण, नाव नसलेल्या कलाकारालाही मिळू शकतो. पद्म पुरस्कार वेगळे आणि अकादमीचं रत्न सदस्यत्वही वेगळं. ते मोठ्या कारकिर्दीनंतर मिळतात.

पद्धत साधारण अशी असते. जाहिरात निघते, कलाकार आपल्या कामाचे फोटो पाठवतो. पहिली परीक्षक समिती फोटो पाहून छाननी करते. त्यातून निवडलेल्यांनी मूळ कलाकृती पाठवायची. दुसरी समिती ती प्रत्यक्ष पाहून पुरस्कार ठरवते. रंगचित्र, रेखाचित्र, शिल्प, छापचित्र, छायाचित्र, मांडणशिल्प असे प्रकार चालतात. मार्च २०२० मध्ये ६१ व्या प्रदर्शनातल्या १५ कलाकारांना राष्ट्रपती भवनात तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सन्मानित करण्यात आलं. वय, कामाचा आकार, शुल्क हे सगळं ज्या त्या वर्षाच्या जाहिरातीत दिलेलं असतं. ती नीट वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

एक साधी गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. पहिली फेरी फोटोवर ठरते. त्यामुळे काम चांगलं पण फोटो तिरका, काचेवर चमक आलेला, अंधुक असेल तर तिथेच गाडी अडते. दिवसाच्या उजेडात, काच काढून, समोरून सरळ फोटो घ्यायला पैसे लागत नाहीत.

आपल्यातले कोण तिथवर पोचले?

पहिल्याच राष्ट्रीय प्रदर्शनात, १९५५ मध्ये, 'जमीन' या चित्रासाठी पुरस्कार मिळाला मकबूल फिदा हुसेन यांना. जन्म १९१५, पंढरपूर. होय, विठोबाच्या पंढरपुरात. मुंबईत येऊन त्यांनी सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवली, शिडीवर चढून. आम्ही हे सांगितलं तेव्हा त्या पेंटर वडिलांनी पहिल्यांदा मान वर करून आमच्याकडे पाहिलं. 'जमीन' आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

गुजरातच्या सुरेंद्रनगरमध्ये जन्मलेले गुलाम मोहम्मद शेख यांना १९६२ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा ते पंचविशीत होते. पुढे बडोद्यात त्यांनी पिढ्या घडवल्या, आणि गुजरातीत कविताही लिहिल्या. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात वाढलेले तैयब मेहता यांना अकादमीच्याच १९६८ च्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं.

आणि झरीना हाशमी. जन्म १९३७, अलीगढ. पदवी गणिताची, अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून. लाकडी ठशांची छापचित्रं हे त्यांचं काम. १९६९ मध्ये छापचित्रासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे घर, अंगण, उंबरठा असल्या विषयांवर त्यांनी छापचित्रं केली आणि त्यांत उर्दू शब्द नस्तालीकमध्ये लिहवून घेतले. २०११ मध्ये व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात भारताचं पहिलं अधिकृत दालन उभं राहिलं, तेव्हा निवडलेल्या कलाकारांत त्या होत्या. घराच्या नकाशाच्या चार रेघा आणि आपली उर्दू, एवढ्या भांडवलावर एक मुस्लिम मुलगी जगभर गेली.

"पण चित्र काढणं जायज आहे का?"

हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो, आणि त्याला हसून उडवणं योग्य नाही. सजीवांचं चित्र काढण्याबाबत उलमांमध्ये चर्चा आहे, मतं वेगवेगळी आहेत. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. तो निर्णय घरानं आपल्या आलिमांना विचारून करावा. पण कला म्हणजे फक्त माणसाचा चेहरा, हा गैरसमज आहे. खुशखत, भौमितिक नक्षी, निसर्गदृश्य, वस्तुचित्र, इमारती, निव्वळ रंग आणि रेषा, हे सगळं कलेत येतं. नसरीन मोहम्मदी यांचंच पाहा. जन्म कराचीचा, १९३७. बालपणीच कुटुंब मुंबईत आलं. बडोद्याला शिकवत असताना त्यांनी पेन-पेन्सिलीनं सरळ, बारीक रेषांची चित्रं केली, ज्यात माणूस नाही, प्राणी नाही. १९९० मध्ये रायगडातल्या किहीम इथं त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं आपलं नवं दालन उघडलं, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत नसरीन यांच्या रेषा होत्या.

पुरस्कारानं सगळं सुटतं का?

नाही. खोटं चित्र उभं करायचं नाही. पुरस्काराची रक्कम एकदाच मिळते, आयुष्यभराचा पगार होत नाही. अकादमीच्या कारभारावर कलाकारांनीच १९७१ च्या सुमारास मोठा निषेध केला होता, नंतर सरकारला चौकशी समित्या नेमाव्या लागल्या. आणि पुरस्कार संरक्षणही देत नाही. पद्मविभूषणापर्यंत पोचलेल्या हुसेन यांच्या काही चित्रांवरून वाद पेटला, खटले झाले, शेवटची वर्षं त्यांनी देशाबाहेर काढली आणि २०११ मध्ये लंडनमध्ये डोळे मिटले. नसरीन यांचं जगभर कौतुक झालं ते त्यांच्या माघारी.

म्हणून आम्ही त्या वडिलांना 'मुलगी पुरस्कार आणेल' असं म्हणालो नाही. आम्ही पायऱ्या सांगितल्या. इंटरमिजिएट परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं, फॉर्म शाळेतूनच भरतात, आणि उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात. पुढे कला शिक्षक पदविका आहे, म्हणजे शाळेत ड्रॉइंग टीचर होता येतं. बारावीनंतर सीईटी देऊन पदवीला जाता येतं. उपयोजित कलेचा विद्यार्थी जाहिरात, पुस्तकं, पॅकिंग अशा क्षेत्रांत पोट भरू शकतो. ज्या फ्लेक्सनं बापाचा धंदा घेतला, त्याची डिझाइनही कुणीतरी शिकलेलंच करतं ना! राज्य सरकारचं राज्य कला प्रदर्शन भरतं, त्यात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो. राष्ट्रीय प्रदर्शन हा त्याच्या पुढचा टप्पा. एकेक पायरी चढत गेलं तर दिल्ली तितकी दूर वाटत नाही.

आपल्या संस्थाचालकांनाही हात जोडून एक विनंती. दहावीचा निकाल जवळ आला की सर्वांत आधी ड्रॉइंगचा तास गणिताला दिला जातो. आम्हीही तो घेतलेला आहे, कबूल करतो. पण झरीना गणिताच्याच पदवीधर होत्या. रेषा आणि आकडे एकमेकांचे वैरी नाहीत.

ते वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी फॉर्म मागितला. पालकाच्या सहीच्या जागी त्यांनी आपलं नाव उर्दूत लिहिलं, असं की आम्ही दोन मिनिटं तो कागद पाहतच राहिलो. हात अजून तसाच होता. "सर, नुक्ते तिला मीच शिकवले," ते म्हणाले.

पालकांनो, आज रात्री आपल्या मुलाची वही मागच्या बाजूनं उघडून पाहा. तिथं काही काढलेलं दिसलं तर लगेच रागावू नका. आधी विचारा, "बेटा, हे काय आहे?"