विंडोज ११ ची घोषणा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मायक्रोसॉफ्टने २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ जाहीर केली आणि ५ ऑक्टोबर २०२१ पासून ती पात्र संगणकांना मोफत मिळू लागली. या साडेतीन महिन्यांत वापरकर्त्यांच्या प्रतिक्रियांचा पूर आला. नव्या रूपाचे कौतुक झाले, पण नाराजी आणि धास्ती त्याहून जास्त दिसली. कंपनीची अर्धवट माहितीही या गोंधळाला कारणीभूत होती. संगणक पात्र आहे की नाही हे सांगणारे ‘पीसी हेल्थ चेक’ हे साधन सुरुवातीला फक्त ‘अपात्र’ एवढेच सांगे, कारण देत नसे. काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले आणि सुधारून पुन्हा आणले गेले. विंडोज ११ साठी संगणकात लागणाऱ्या ‘टीपीएम’ या सुरक्षा-घटकाची आवृत्ती १.२ चालेल की २.० च लागेल, याबद्दलही कंपनीच्या कागदपत्रांत आधी एक आणि नंतर दुसरेच लिहिलेले होते. अशा वातावरणात रास्त तक्रारी आणि गैरसमज एकमेकांत मिसळून गेले. ते वेगळे करणे गरजेचे आहे, कारण गैरसमजापोटी लोकांनी नको तिथे पैसे घातले.

गैरसमज १ : विंडोज १० हीच शेवटची विंडोज असेल, असे कंपनीने वचन दिले होते.

वस्तुस्थिती : हे विधान मे २०१५ मध्ये शिकागोच्या ‘इग्नाइट’ परिषदेत जेरी निक्सन या मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्याने केले होते. कंपनीने ते ठामपणे खोडून काढले नाही, त्यामुळे ते वचन म्हणून पसरत गेले. मात्र विंडोज १० बाजारात आली त्याच वर्षी तिच्या पाठबळाची मुदतही जाहीर झाली होती. ती तारीख होती १४ ऑक्टोबर २०२५. म्हणजे या प्रणालीला शेवट आहे, हे पहिल्या वर्षापासून लेखी होते.

गैरसमज २ : विंडोज ११ साठी टीपीएमची वेगळी चिप विकत घ्यावी लागते.

वस्तुस्थिती : घोषणेनंतर अनेकांनी घाईघाईने सुट्या चिप शोधायला सुरुवात केली आणि त्यांचे भाव चढले. बहुतेकांना त्यांची गरजच नव्हती. विंडोज १० असलेल्या नव्या संगणकांत टीपीएम २.० हवे, ही अट मायक्रोसॉफ्टने उत्पादकांना जुलै २०१६ पासूनच घातली होती. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने अंगभूत असते. सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकांत ते पुष्कळदा बंद ठेवलेले असते. बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू केले की काम होते.

गैरसमज ३ : टीपीएम वापरकर्त्यावर पाळत ठेवते.

वस्तुस्थिती : टीपीएम म्हणजे सांकेतिक किल्ल्या जपून ठेवणारी तिजोरी. डिस्कवरील माहिती ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद केली, तर तिची किल्ली टीपीएमच्या राखणीत राहते. संगणक सुरू होताना प्रणालीत कोणी ढवळाढवळ केली आहे का, हे पडताळण्यासाठीही ते उपयोगी पडते. फाइली वाचणे किंवा त्या इंटरनेटवरून कोणाला पाठवणे, हे त्याचे काम नाही. विंडोज स्वतः निदानासाठी जी माहिती कंपनीकडे पाठवते, तो प्रश्न वेगळा आणि महत्त्वाचा आहे. त्यावरचे नियंत्रण खासगीपणाच्या सेटिंगमध्ये असते, त्याचा टीपीएमशी संबंध नाही.

गैरसमज ४ : जुना संगणक मंद आहे म्हणूनच तो अपात्र ठरतो.

वस्तुस्थिती : ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी बहुतेक संगणक सहज पूर्ण करतात. खरी अडचण आहे ती प्रोसेसरच्या यादीची. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका इथून पुढचे प्रोसेसर या यादीत आहेत. कंपनीने यामागे सुरक्षितता आणि स्थिरता ही कारणे दिली. २०१७ मध्ये घेतलेला, विंडोज १० उत्तम चालवणारा संगणकही त्यामुळे बाद होऊ शकतो. वापरकर्त्यांचा हा रोष रास्त होता. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ‘सरफेस स्टुडिओ २’ सातव्या पिढीच्या प्रोसेसरवर चालत होता आणि त्याच्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये अपवाद करावा लागला.

गैरसमज ५ : मुदत संपली की विंडोज १० चा संगणक बंद पडतो.

वस्तुस्थिती : संगणक पूर्वीसारखाच चालतो. थांबतात ती सुरक्षेची मोफत अद्यतने. नवीन सापडलेल्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत, म्हणून धोका दर महिन्याला वाढत जातो. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतने घेण्याची सोय देण्यात आली.

गैरसमज ६ : जुने प्रोग्रॅम आणि मराठी टंकलेखन चालणार नाही.

वस्तुस्थिती : विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाही, हे खरे. पण ३२-बिट प्रोग्रॅम तिच्यावर चालतात. चालत नाहीत ते फार जुने १६-बिट प्रोग्रॅम. विंडोजमध्ये युनिकोड मराठीची सोय विंडोज २००० पासून आहे, आणि मराठी फोनेटिक कळफलक २०१९ मध्ये विंडोज १० सोबत आला. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक हे दोन्ही कळफलक विंडोज ११ मध्ये आहेत. जुन्या छपाईच्या सॉफ्टवेअरबाबत मात्र ते बनवणाऱ्याकडे आधी खात्री करून घ्यावी.

गैरसमज ७ : घोषणेत दाखवलेले सगळे पहिल्या दिवसापासून मिळते.

वस्तुस्थिती : घोषणेच्या कार्यक्रमात अँड्रॉइड ॲप विंडोजवर चालताना दाखवली होती. ऑक्टोबरच्या आवृत्तीत ती नव्हती. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ती चाचणी स्वरूपात आली आणि ५ मार्च २०२५ रोजी ही सोय बंदही झाली.

गैरसमज ८ : तक्रार करणाऱ्यांना फक्त बदल नको असतो.

वस्तुस्थिती : मध्यभागी आलेले स्टार्टचे बटण सेटिंगमधून पुन्हा डावीकडे नेता येते, त्यामुळे ती तक्रार किरकोळ होती. टास्कबारच्या तक्रारी मात्र खऱ्या होत्या. फाइल ओढून टास्कबारवर नेण्याची जुनी सोय काढून टाकली होती. ती २०२२ मध्ये परत आली. खिडक्यांची नावे सुटी दाखवण्याची सोय २०२३ मध्ये परतली. एएमडीच्या प्रोसेसरवर काही खेळ १० ते १५ टक्के मंद चालत असल्याचे ऑक्टोबर २०२१ मध्ये एएमडीनेच मान्य केले आणि त्याच महिन्यात दुरुस्ती आली. वापरकर्ते बोलले म्हणून या गोष्टी सुधारल्या.

नवीन प्रणाली जाहीर झाली की निर्णयाची घाई करू नये. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ हे पान उघडून तिथे ‘सिक्युरिटी प्रोसेसर’ दिसतो का, ते पाहावे. सुधारित ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून अपात्रतेचे नेमके कारण समजून घ्यावे. अद्यतनापूर्वी सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. नवी आवृत्ती पसंत पडली नाही, तर पहिल्या १० दिवसांत जुन्या आवृत्तीवर परतता येते. एवढे तपासल्याशिवाय चालता संगणक भंगारात काढू नये आणि नवा विकतही घेऊ नये.