घोडा, घरांचे रंग आणि एक कोडे

बुद्धिबळाच्या कोड्यांचे कोणतेही पुस्तक उघडा. प्रकरणांची नावे साधारण ठरलेली असतात : दुहेरी मारा, मोहरा जखडणे, शेवटच्या रांगेतली मात वगैरे. ‘घोड्याचा दुहेरी मारा’ असे शीर्षक दिसले की विद्यार्थी पटावर आधी घोडा शोधतो, मग त्याच्या उड्या तपासतो आणि भराभर कोडी सोडवतो. तोच मुलगा स्पर्धेत मात्र नेमकी तीच संधी हुकवतो. शिक्षकांना यात नवल वाटू नये. सरळव्याजाच्या प्रकरणाखालची सगळी गणिते बरोबर येतात आणि वार्षिक परीक्षेत तेच गणित कोणत्या सूत्राचे हे सुचत नाही, त्यातलाच हा प्रकार. शीर्षकाने निम्मे उत्तर आधीच सांगून टाकलेले असते.

मग नावाच्या पलीकडे शिकवायचे काय? एक प्रसिद्ध डाव पाहू. पट जवळ असेल तर मांडाच.

१९६६ साली मॉस्कोत जगज्जेतेपदाचा सामना झाला. जगज्जेता टिग्रान पेट्रोस्यान, आव्हान देणारा बोरिस स्पास्की. दहाव्या डावात पांढरी मोहरी पेट्रोस्यानकडे होती. एकोणतीस खेळ्यांनंतरची स्थिती अशी :

पांढरा : राजा एच-१, वजीर बी-२, घोडे डी-६ व ई-३, प्यादी ए-२, बी-३, सी-४, डी-५, एच-२.

काळा : राजा जी-८, वजीर जी-५, हत्ती एफ-७, घोडा ए-५, प्यादी ए-६, बी-५, सी-५, एच-७.

खेळी पांढऱ्याची. पुढे वाचण्याआधी पाच मिनिटे थांबा.

डी-६ वरच्या घोड्याने हत्ती मारता येतो आणि तिथून तो वजिरावरही नेम धरतो. पण काळा राजा शेजारीच आहे, तो घोड्याला मारतो. पदरात फारसे काही पडत नाही. राजाला शह आणि त्याच वेळी वजिरावर मारा, असे एखादे घर घोड्याला मिळेल का?

इथे शोधत बसण्याची गरजच नाही. घोडा दोन अधिक एक अशी तीन घरे चालतो आणि प्रत्येक पावलाला घराचा रंग बदलतो. तीन ही विषम संख्या; म्हणून काळ्या घरावरून उडालेला घोडा नेहमी पांढऱ्या घरावरच उतरतो, आणि पांढऱ्यावरचा काळ्यावर. तेव्हा एका जागी बसलेल्या घोड्याचा मारा एकाच रंगाच्या घरांवर असतो. स्पास्कीचा राजा पांढऱ्या घरात (जी-८), वजीर काळ्या घरात (जी-५). घोडा कुठेही नेला तरी दोघे एकदम सापडणार नाहीत. मात्र राजाला शेजारच्या काळ्या घरात ओढता आले तर?

पेट्रोस्यानची तिसावी खेळी : वजीर एच-८, शह! वजीर चक्क फुकट. पण राजाला दुसरी वाट नाही. एफ-८ आणि जी-७ वजिराच्या माऱ्यात, एफ-७ आणि एच-७ वर आपलीच मोहरी. वजीर मारून त्याला एच-८ या काळ्या घरात जावेच लागते. त्या एका घराने दोन गोष्टी घडतात : रंग जुळतो, आणि एफ-७ राजाच्या आवाक्याबाहेर जाते. आता घोडा हत्ती मारून शह देतो, राजा हलतो आणि पुढच्या खेळीत वजीर पडतो. दिला एक वजीर, मिळाले हत्ती आणि वजीर. स्पास्कीने पुढे न खेळता डाव सोडला.

पेट्रोस्यानने रंग मोजले असतील असे नाही. सरावलेल्या डोळ्याला अशी रचना एकदम दिसते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली. उस्तादाने सुमारे सोळा मोहरी बरोबर मांडली, नवशिक्याने चार. मोहरी वाटेल तशी विखुरली तेव्हा मात्र उस्तादाची ही करामत जवळजवळ नाहीशी झाली. (पुढच्या प्रयोगांत अशा मांडणीतही उस्ताद किंचित सरस आढळले.) म्हणजे स्मरणशक्ती अफाट नव्हती, ओळखीच्या रचनांचा साठा मोठा होता.

हा साठा वाढवायला कोडी हवीतच. पण माझ्या मते प्रकरणांची शीर्षके झाकून, निरनिराळी कोडी मिसळून द्यावीत. त्यांत काही स्थिती अशाही असाव्यात की जिथे युक्ती चालतच नाही. त्या पुस्तकात क्वचितच सापडतात, आपणच तयार कराव्या लागतात.

वरच्याच स्थितीत फक्त काळा वजीर हलवून पाहा. तो जी-६ वर ठेवला तर रंग जुळत नाही, शिवाय एफ-७ वर उतरलेल्या घोड्याला तोच मारतो. एफ-४ वर रंग जुळतो, तरी युक्ती फसते : घोडा तिथवर पोचत नाही आणि वजीर सरळ रेषेत एफ-७ राखतो. एच-६ वर दुहेरी मारा होतो, पण राजा जी-७ वर येऊन वजिराला आधार देतो. घोड्याने वजीर मारला की राजा घोड्याला मारतो. राहिले डी-८. ते वर्गाला सोडवू द्या, आणि उत्तराबरोबर कारणही विचारा.