‘ओरिजिनल’ कशाला म्हणायचं?

गेल्या दिवाळीत ट्यूशनचे साठवलेले साडेसात हजार रुपये मी एका रेकॉर्डवर खर्च केले. आमच्या घरी रेकॉर्ड प्लेअर नाही. पप्पांनी विचारलं, “ही वाजवणार कशावर, परातीवर?” प्रश्न रास्त होता, पण उत्तर शेजारच्याच घरात होतं.

आमच्या शेजारचे अंकल पंचाहत्तरी ओलांडलेले. पोर्तुगीज राजवटीत शाळा शिकलेले. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे आणि माझ्याकडे इंटरनेट. मी त्यांचे पेन्शनचे ऑनलाइन फॉर्म भरते, ते मला गाणी ऐकवतात. त्यांच्या कपाटात ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’ची एक छोटी तबकडी आहे, बोटीवर नोकरी करणाऱ्या थोरल्या भावानं आणलेली. तीच ऐकून मला बोसा नोव्हाचा नाद लागला. मी घेतलेली रेकॉर्ड ज्या अल्बममधून ते गाणं आलं त्याची, म्हणजे ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ची, नवी ‘ऑडिओफाइल’ आवृत्ती होती. ऑडिओफाइल म्हणजे आवाजाच्या दर्जाबाबत काटेकोर असलेला श्रोता. अशा श्रोत्यांसाठी जुने अल्बम नव्यानं, महागड्या पद्धतीनं तबकडीवर काढले जातात. आपल्या मंडळात पुस्तकांच्या आवृत्त्यांवर इतके वाद होतात, म्हणून म्हटलं, या आवृत्त्यांबद्दलही लिहावं.

आधी थोडं बोसा नोव्हाविषयी. १९५० च्या दशकाच्या शेवटी रिओ द जानेरोच्या कोपाकबाना-इपानेमा या समुद्राकाठच्या वस्त्यांत हे संगीत जन्मलं. सांबाचा ठेका एका गिटारवर आणायचा आणि कानाशी बोलल्यासारखं हळू गायचं, अशी ती रीत. जुआंव जिल्बेर्तो हा तिचा मुख्य गायक आणि आंतोनियो कार्लोस जोबिम मुख्य संगीतकार. जुआंवच्या १९५९ च्या पहिल्या अल्बमच्या नावात ‘सावदाद’ हा शब्द आहे. गोव्यातल्या पुष्कळ घरांत तो अजून ऐकू येतो. दूर गेलेल्या माणसाची किंवा काळाची गोड हुरहूर, असा काहीसा त्याचा अर्थ.

अमेरिकन जॅझवाल्यांना या संगीताची गोडी लागली. फेब्रुवारी १९६२ मध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि गिटारवादक चार्ली बर्ड यांनी वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात ‘जॅझ सांबा’ ध्वनिमुद्रित केला. तो तुफान खपला. मग मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत दोन दिवसांत ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ झाला. निर्माता क्रीड टेलर, ध्वनिमुद्रक फिल रमोन. १९६४ मध्ये तो बाजारात आला आणि १९६५ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी मिळाला.

आता नवी आवृत्ती निघते कशी, ते पाहू. स्टुडिओत गाणं चुंबकीय टेपवर उतरतं. त्यातून जी अंतिम टेप तयार होते ती मास्टर टेप. ती वाजवत एका यंत्रावर लॅकरचा लेप असलेल्या चकतीवर खाच कोरतात. त्या चकतीवर चांदीचा पातळ थर देऊन वर निकेल चढवतात. त्यातून आधी उलटा साचा, त्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा उलटे साचे बनतात. या शेवटच्या साच्यांना स्टँपर म्हणतात. गरम प्लास्टिक त्यांच्यात दाबलं की आपल्या हातात येणारी रेकॉर्ड तयार! प्रत्येक पायरीवर थोडा तपशील झिजण्याची भीती असते, म्हणून काही कंपन्या मधले दोन साचे गाळून पहिल्यावरूनच रेकॉर्डी दाबतात. पण दाबता दाबता स्टँपर झिजतो. मधले साचे नसल्यामुळे दुसरा हवा असेल तर पुन्हा लॅकर कोरावं लागतं, आणि किंमत वाढते.

दुसरी युक्ती वेगाची. नेहमीची मोठी रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. माझी ४५ फेऱ्यांची आहे. वेग वाढला की सुईखालून दर सेकंदाला जास्त लांबीची खाच जाते, म्हणजे तेवढाच आवाज ऐसपैस लिहिता येतो. दाटीवाटीनं लिहिलेली वही आणि एक ओळ सोडून लिहिलेली वही, असा फरक. पण वहीची पानं वाढतात तशा तबकड्याही वाढतात. एका रेकॉर्डवर मावणारी आठ गाणी इथे दोन तबकड्यांवर पसरली आहेत आणि दर दोन गाण्यांनी उठून बाजू पालटावी लागते. वेष्टनावर १८० ग्रॅम वजनाचा मोठा शिक्का असतो, त्याला मात्र भुलू नका. जड रेकॉर्ड टणक असते, हातात बरी वाटते, पण नुसत्या वजनानं आवाज सुधारत नाही.

बोसा नोव्हासाठी एवढा खटाटोप का? कारण या संगीतात शांतता फार आहे. रॉकच्या दणदणाटात रेकॉर्डची खरखर बुडून जाते. जुआंव माइकजवळ जवळजवळ पुटपुटत गातो, ड्रमवर काठीऐवजी ब्रश फिरतो, गिटारच्या दोन आघातांमध्ये मोकळी जागा असते. त्या जागेत एक ‘टक्’ आला तरी कानाला टोचतो. थोडक्यात, या अल्बमांवर रेकॉर्ड बनवणाऱ्याची परीक्षा होते.

इथपर्यंत वाचून वाटेल की पैसे जास्त टाकले की मूळ आवाज मिळाला. मलाही तसंच वाटलं होतं. पण २०२२ मध्ये अमेरिकेत एक प्रकरण गाजलं. मोबाइल फिडेलिटी ही या धंद्यातली नामांकित कंपनी. तिच्या अनेक रेकॉर्डी मूळ टेपवरून थेट कोरलेल्या नसून मध्ये उच्च दर्जाची डिजिटल प्रत केलेली आहे, हे तेव्हा उघड झालं. गिऱ्हाइकं चिडली, खटला झाला, शेवटी भरपाई देऊन तडजोड झाली. गंमत म्हणजे त्याच रेकॉर्डींच्या आवाजाची तोवर जाणकारांनी वाहवा केली होती. आवाज वाईट होता अशी कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती न सांगितल्याची.

त्याहून मोठं भांडण खुद्द जुआंवचं. त्याचे १९५९ ते १९६१ मधले पहिले तीन अल्बम ईएमआय कंपनीनं पुढे एका संकलनात घातले. नव्यानं मास्टरिंग करताना आपला आवाज बदलला, असं म्हणत तो कोर्टात गेला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि ब्राझीलच्या कोर्टानं त्याच्या बाजूनं भरपाई मान्य केली. पण या भांडणात ते तीन अल्बम मूळ रूपात बरीच वर्षं दुकानांत आलेच नाहीत. ज्या रेकॉर्डींपासून बोसा नोव्हा सुरू झाला, त्याच मिळेनात! २०१९ मध्ये जुआंव गेला. कंपनीला वाटलं, आपण आवाज उजळला. त्याला वाटलं, माझं गाणं बिघडवलं. ज्यानं हळू गाण्यात आयुष्य घातलं, त्याला आवाजातला थोडासा बदलही थोडासा कसा वाटेल?

हे वाचताना मला एकनाथ आठवले. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले पाठभेद काढून त्यांनी १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये असं बजावलं. जुनी टेप समोर घेऊन बसलेल्या माणसापुढे तोच पेच असतो. धूळ कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होतं, हे त्याला ठरवावं लागतं. म्हणून रेकॉर्ड घेताना मी आता तीन गोष्टी पाहते: कोणत्या टेपवरून काढली, मध्ये डिजिटल पायरी आहे का, आणि कोरली कुणी. हे वेष्टनावर स्पष्ट लिहिणाऱ्या कंपनीवर माझा जास्त विश्वास बसतो.

मुळाशी इमान राखताना मूळची चूकही जपली जाते, हे पण लक्षात आलं. माझ्या रेकॉर्डवर १९६४ चंच मुखपृष्ठ आहे, ओल्गा आल्बिझूच्या चित्राचं. त्यावर गेट्झ, जुआंव आणि जोबिम अशी तीन नावं आहेत. ज्या बाईच्या आवाजानं ते गाणं जगभर गेलं त्या आस्त्रुद जिल्बेर्तोचं, म्हणजे जुआंवच्या तेव्हाच्या बायकोचं, नाव मुखपृष्ठावर नाही. तेव्हा नव्हतं, म्हणून आजही नाही.

शेवटी रेकॉर्ड घेऊन अंकलकडे गेले. प्लेअरची सुई जुनी होती, ती आधी बदलून घेतली. झिजलेली सुई नव्या रेकॉर्डचं वाटोळं करते. खटका ४५ वर केला. खरं सांगायचं तर त्या जुन्या मशीनवर साडेसात हजारांतले किती वसूल झाले, देव जाणे.

गाणं सुरू झालं. गिटार, आणि मग जुआंव पोर्तुगीजमध्ये गायला लागला. अंकल खुर्चीत पुढे सरकले. “हें हांवें केन्नाच आयकूंक ना,” ते म्हणाले.

मला आधी कळेना. मग त्यांची जुनी तबकडी लावून पाहिली. अल्बममधलं पाच मिनिटांहून मोठं गाणं रेडिओसाठी कापून तीन मिनिटांच्या आत आणलं होतं, आणि कापलेलं होतं ते नेमकं जुआंवचं पोर्तुगीज कडवं. आस्त्रुदचं इंग्रजी तेवढं ठेवलं होतं. विनिसियस द मोराइसनं लिहिलेले मूळ शब्द त्या तबकडीवर नव्हतेच. पोर्तुगीज येणाऱ्या माणसाच्या घरात हे गाणं इतकी वर्षं पोर्तुगीजशिवाय वाजत होतं. घरातली एकमेव जुनी, ‘ओरिजिनल’ प्रत हीच अर्धी होती.

अंकलनी सुई उचलून नवी रेकॉर्ड परत लावायला सांगितली. मग तिसऱ्यांदा. मध्येच म्हणाले, “आमच्या मास्तरांचं पोर्तुगीज कडक होतं गो बाय, हा कसा लोण्यासारखा बोलतो.” एकेक ओळ थांबवून मला अर्थ सांगत बसले. बाजू पालटायची राहूनच गेली.

रेकॉर्ड सध्या त्यांच्याकडेच आहे. कुणाला ऐकायची असेल तर सांगा, त्यांना विचारून वेळ ठरवते. पप्पा मागच्या रविवारी जाऊन ऐकून आले.