टाळ्या मागून ऐकू येतात तेव्हा

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरांवर असलेल्या सेवाग्राम आश्रमातील प्रार्थनाभूमीला भिंती नाहीत आणि छप्परही नाही. १९३६ साली महात्मा गांधींनी लावलेल्या पिंपळाजवळच्या त्या मोकळ्या जागेत सायंप्रार्थना सुरू झाली की एक स्वर समोरून उठतो आणि त्याला मिळणारे इतर स्वर डावीकडून, उजवीकडून व पाठीमागून येतात. समुदायाच्या मधोमध बसलेल्या माणसाला आपण एकटे नाही हे डोळे मिटूनही कळते. त्याच प्रार्थनेचे ध्वनिमुद्रण घरी एका स्पीकरवर लावले, तर शब्द तेच राहतात, सूरही तेच राहतात. समुदाय मात्र नाहीसा होतो.

ही उणीव भरून काढण्याचे काम गेल्या पंचवीसएक वर्षांत जुन्या रॉक मैफलींच्या चित्रपटांवर मोठ्या चिकाटीने झाले आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मुद्रित झालेल्या या मैफली आज डीव्हीडी आणि ब्लू-रेवर सराउंड साउंडमध्ये, म्हणजे श्रोत्याला चहूबाजूंनी वेढणाऱ्या ध्वनीत, ऐकता येतात. रॉक हे नाव ऐकताच कित्येक घरांतील ज्येष्ठांना केवळ गोंगाट आठवेल. परंतु या मैफलींपैकी काहींच्या केंद्रस्थानी सतार आणि तबला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हा विषय तितकासा परका राहत नाही.

पाच दिशा आणि एक गंभीर नाद

साध्या स्टिरिओमध्ये ध्वनीचे दोन प्रवाह असतात, डावा आणि उजवा. ‘५.१’ या पद्धतीत समोर डावा, मधला व उजवा असे तीन, श्रोत्याच्या मागील बाजूस दोन, आणि अतिशय खालच्या नादासाठी आणखी एक, असे सहा प्रवाह असतात. हा शेवटचा प्रवाह सबवूफरकडे जातो. मोठ्या ढोलाचा घुमारा कानांपेक्षा छातीत अधिक जाणवतो, तो याच प्रवाहातून.

मागच्या दोन स्पीकरांचे प्रयोजन समजण्यासाठी सभागृहाचे गणित पाहावे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. श्रोत्यापासून पस्तीस मीटर मागे असलेल्या भिंतीवर आपटून परत येण्यास त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. एवढ्याशा विलंबावरून आणि तो ध्वनी कोणत्या दिशेने आला यावरून मेंदू जागेचा आकार ताडतो. समोरच्या दोनच स्पीकरांतून हा परतीचा ध्वनीही समोरूनच येतो, म्हणून सभागृह सपाट चित्रासारखे भासते. मागचे स्पीकर त्याला खोली देतात.

ही कल्पना नवी नव्हे. १९७०च्या दशकाच्या आरंभी चार स्पीकरांची ‘क्वाड्राफोनिक’ पद्धत बाजारात आली होती. परंतु परस्परांशी न जुळणाऱ्या निरनिराळ्या यंत्रणांमुळे ग्राहक गोंधळला आणि ती टिकली नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीव्हीडी आली आणि चित्र व बहुदिशा ध्वनी एकाच तबकडीवर घरोघरी पोहोचले. २००६ पासून आलेल्या ब्लू-रेवर तर ध्वनीचा कोणताही अंश न गाळता तो साठवता येऊ लागला.

जपलेल्या फितींचे फळ

जुन्या मैफलीला नवे ध्वनिमिश्रण लाभते, ते मूळ फितीमुळे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आठ मार्गिकांची चुंबकीय फीत वापरात आली. गायकाचा आवाज एका मार्गिकेवर, तालवाद्ये दुसरीवर, श्रोत्यांकडे रोखलेला मायक्रोफोन तिसरीवर, अशी वाटणी त्यामुळे शक्य झाली. एकदा सर्व ध्वनी एकत्र कालवले की ते पुन्हा वेगळे करणे फार कठीण. म्हणून मुद्रणाच्या त्या रात्री जे वेगळे ठेवले गेले आणि पुढे जे जपले गेले, त्यावरच अर्धशतकानंतरचे काम उभे राहते.

जून १९६७ मधील मॉन्टेरी महोत्सव हे याचे उत्तम उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातील या महोत्सवात पंडित रविशंकर यांनी रविवारी दुपारी सतारवादन केले. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते. डी. ए. पेनेबेकर यांनी केलेल्या चित्रपटाची अखेर याच वादनाने होते. २००२ साली हा चित्रपट डीव्हीडीवर आला, तेव्हा ध्वनिमुद्रक एडी क्रेमर यांनी त्याचे ५.१ मिश्रण तयार केले. त्या मैदानात नसलेल्या, तेव्हा जन्मलेल्याही नसलेल्या श्रोत्याला आज त्या दुपारच्या मधोमध बसता येते.

यापेक्षाही अर्थपूर्ण उदाहरण १ ऑगस्ट १९७१ चे आहे. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. रविशंकर यांच्या व्यथेला प्रतिसाद देऊन जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन मैफली घडवून आणल्या. आरंभी रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती यांचे वादन झाले. दोन्ही मैफलींना मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते होते, आणि तिकिटांतून जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे सुपूर्द झाले. हा चित्रपट २००५ साली ५.१ ध्वनीसह डीव्हीडीवर आला.

या मैफलीतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. वादकांनी वाद्ये जुळवून घेतली आणि तेवढ्यावरच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर यांनी हसतमुखाने, सूर जुळवणेच इतके आवडले तर वादन त्याहून आवडेल, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्या टाळ्यांत अज्ञान होते, तसाच सद्भावही होता. कधी न पाहिलेल्या लोकांच्या दुःखासाठी आलेले आणि कधी न ऐकलेल्या संगीतापुढे बसलेले ते श्रोते हाही त्या मैफलीचा इतिहासच आहे. केवळ वादन ठेवून त्यांना पुसून टाकले, तर मैफलीचा अर्धा अर्थ गेला.

श्रोत्याचे आसन कोठे?

मिश्रण करणाऱ्यापुढे खरा प्रश्न येतो तो श्रोत्याला कोठे बसवावे हा. एक मार्ग त्याला रंगमंचावर, वादकांच्या मधोमध नेतो. गिटार मागून, ढोल बाजूने येतो. पहिल्या दहा मिनिटांत हे चमत्कारिक वाटते, परंतु अशा जागी प्रत्यक्षात कोणी श्रोता बसत नाही. दुसरा मार्ग संगीत समोर ठेवतो आणि मागच्या स्पीकरांकडे सभागृहाचा घुमारा, टाळ्या व कुजबूज एवढेच सोपवतो. हा मार्ग कमी दिपवतो, पण तो अधिक प्रामाणिक असतो आणि दीर्घकाळ ऐकवतो. पिंक फ्लॉइडने ऑक्टोबर १९७१ मध्ये पाँपेईच्या प्राचीन रंगमंडलात श्रोत्यांविनाच वादन चित्रित केले. स्टीव्हन विल्सन यांचे त्याचे नवे मिश्रण २०२५ साली आले. तेथे मागून टाळ्या येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि उसन्या टाळ्या घालणे हे असत्यच ठरले असते.

प्रत्यक्ष मैफलींच्या तबकड्यांत चुकलेला सूर नंतर स्टुडिओत दुरुस्त करण्याची प्रथा जुनी आहे. दुरुस्ती कोठे संपते आणि बनावट कोठे सुरू होते, याचा निर्णय तंत्रापेक्षा विवेकाचा आहे.

वर्ध्यातील घर

घरी असा ध्वनी ऐकण्यासाठी महागड्या यंत्रापेक्षा योग्य मांडणी अधिक उपयोगी पडते. मधला स्पीकर अगदी समोर असावा, त्याच्या दोन्ही बाजूंचे स्पीकर सुमारे ३० अंशांवर असावेत, आणि मागचे दोन नेमके पाठीमागे न ठेवता कानांच्या किंचित मागे, ११० अंशांच्या आसपास असावेत. सर्व स्पीकर श्रोत्यापासून शक्यतो सारख्या अंतरावर ठेवावेत. विदर्भातील घरांत गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असतात; त्यांवरून ध्वनी उसळतो व शब्द धूसर होतात. जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचे कपाट यांनी मोठा फरक पडतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा कूलरच्या घरघरीत मंद सूर बुडून जातात. आवाज वाढवणे हा त्यावर उपाय नव्हे. पहाटेची किंवा पावसाळ्यातील निवांत वेळ निवडावी. शेजाऱ्याची झोपही त्यामुळे सुरक्षित राहते.

परंतु या साऱ्यातून घेण्यासारखी गोष्ट स्पीकरांपलीकडची आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथे वर्षभर प्रवचने, भक्तिसंध्या, कीर्तने आणि संगीतसभा होतात. त्यांचे मुद्रण बहुधा एका मोबाइलवर होते, किंवा सर्व ध्वनी कालवून एकाच फाइलमध्ये साठवले जातात. आजचे अनेक डिजिटल मिक्सर प्रत्येक मायक्रोफोनचा ध्वनी वेगळा साठवू शकतात. तसे करावे. एक मायक्रोफोन श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा. मूळ फाइली दोन निरनिराळ्या ठिकाणी जपाव्यात आणि तारीख, स्थळ व कलावंतांची नावे त्यांसोबत लिहून ठेवावीत. या कामाला खर्च थोडा आणि दक्षता अधिक लागते.

आज समोर बसलेले आजी-आजोबा ज्या पदाला साथ देतात, त्यांची ती साथ मुख्य गायकाच्या आवाजाइतकीच मोलाची आहे. आणखी तीस वर्षांनी त्यांची नातवंडे ते मुद्रण लावतील, तेव्हा समोरून पद ऐकू येईल आणि मागून त्यांच्या स्वतःच्या माणसांचे आवाज. मात्र ते आवाज आज वेगळे टिपून ठेवलेले असतील, तरच.