गर्भिणीची कंडू : किक्किस की यकृताचा इशारा?

गर्भिणीच्या त्वचेवरील बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. गालांवरील व्यंग किंवा नाभीखालील काळसर रेषा यांमुळे गर्भास बाधा पोचत नाही. प्रसूतीनंतर ती बहुधा फिकी पडतात. अशा रुग्णेस उन्हापासून संरक्षण आणि धीर पुरेसा होतो. कंडूची तक्रार मात्र आम्ही निराळ्या गांभीर्याने ऐकतो.

चरकसंहितेत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात, सातव्या महिन्याच्या संदर्भात किक्किसाचे वर्णन आहे. गर्भाचे केस उगवल्याने मातेस दाह होतो, ही स्त्रियांमधील समजूत आत्रेयांनी तेथे नाकारली आहे. गर्भाच्या पीडनाने दोष उरःप्रदेशी येऊन विदाह, त्यातून कंडू आणि कंडूतून किक्किस, अशी संप्राप्ती ते सांगतात. बोराच्या काढ्यासह मधुर औषधींनी सिद्ध केलेले लोणी, उदर व स्तनांवर चंदन-मृणालाचा लेप, अल्प स्नेह-लवणाचा मधुर आहार ही तेथील चिकित्सा. शिवाय खाजवू नये, ही ताकीदही आहे.

परंतु प्रत्येक कंडू म्हणजे किक्किस नव्हे. किक्किसाची खाज ताणलेल्या त्वचेवर असते. त्याच रेषांवर लाल पुरळ उठून नाभीचा भाग मोकळा राहिल्यास तो विकार त्रासदायक, पण गर्भास सहसा निरुपद्रवी असतो. नाभीभोवती पुरळ सुरू होऊन पाण्याचे फोड आल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

सर्वांत फसवी ती पुरळाविना कंडू. शेवटच्या तिमाहीत तळहात-तळपाय खाजतात, रात्री झोप लागत नाही, त्वचेवर नखांच्या ओरखड्यांखेरीज काही दिसत नाही. अशा वेळी यकृतातील पित्तप्रवाहाच्या अवरोधाची शंका घ्यावी. कावीळ बहुधा दिसत नाही, म्हणून तिची वाट पाहू नये. रक्तातील पित्ताम्ले व यकृताच्या तपासण्या तत्काळ कराव्यात. पहिला अहवाल प्राकृत येऊनही खाज टिकल्यास त्या पुन्हा कराव्यात. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एकच गर्भ असताना पित्ताम्ले लिटरमागे १०० मायक्रोमोल वा अधिक असल्यास मृतजन्माचे प्रमाण सुमारे ३.४ टक्के आढळले. अशा रुग्णेच्या प्रसूतीची वेळ प्रसूतितज्ज्ञानेच ठरवावी लागते.

लेपाने खाज शमेल, पित्ताम्ले उतरणार नाहीत. म्हणून लेप लिहून देण्यापूर्वी गर्भिणीस तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो : खाज कोठे आहे? रात्री वाढते काय? पुरळ आहे काय? हेतू शोधल्याविना समजूत स्वीकारू नये, हा आत्रेयांचाच धडा आहे.